गोल्डनी हॉल : शिंपल्यांच्या गुहेपासून विद्यार्थ्यांच्या बिऱ्हाडापर्यंत

आपल्याकडे अशी एक समजूत आहे कीं, घरांत वास्तुपुरुष वास करितो आणि घरांतील माणसें जें जें बोलतात त्याला तो "तथास्तु" म्हणतो. म्हणून घरांत अभद्र बोलूं नये, असें वडील माणसें मुलांना सांगत आलीं आहेत. ही समजूत खरी मानावी कीं न मानावी हा प्रश्न बाजूला ठेविला, तरी तिच्यांत एक शहाणपण आहेच. घर नुसत्या दगडविटांचें नसतें. तें बांधणाऱ्याचा पैसा कोठून आला, त्यानें तेथें काय इच्छिलें आणि त्याच्या मागें त्या इच्छेचें काय झालें, हा सारा हिशेब त्या घराशीं बांधलेला असतो. इंग्लंडांतील ब्रिस्टल शहरीं असें एक घर आहे. एका व्यापाऱ्यानें तें गांवाबाहेरच्या टेकडीवर आपल्या सुखासाठीं घेतलें. आज तेथें विद्यापीठाचे विद्यार्थी राहतात. त्याचें नांव गोल्डनी हॉल. त्या घराची हकीकत ऐकण्यासारखी आहे, आणि ऐकून विचार करण्यासारखीहि आहे.

ब्रिस्टल हें इंग्लंडच्या पश्चिमेकडील जुनें बंदर. तें प्रत्यक्ष समुद्रावर नाहीं. एव्हन नांवाच्या नदीनें कांहीं मैल आंत गेल्यावर तें लागतें. या नदीला भरती-ओहोटी इतकी मोठी येते कीं, पूर्वीं ओहोटीच्या वेळीं धक्क्याला लागलेलीं जहाजें चिखलांत बसत. १८०९ सालीं दरवाजे घालून बंदरांतील पाणी अडविलें, तेव्हां हा त्रास संपला. बंदराच्या पश्चिमेस क्लिफ्टनची टेकडी आहे. खालीं डांबराचा वास, हमालांची आरडाओरड व गोदामांची दाटी. वर मोकळी हवा व हिरवळ. ज्याच्या गांठीला पैसा जमे तो व्यापारी या टेकडीवर जागा पाहूं लागे. थॉमस गोल्डनी याच नांवाच्या बापलेकांची कथा येथेंच सुरू होते. थोरल्या गोल्डनीनें ही जागा १६९४ सालीं भाड्यानें घेतली व १७०५ सालीं ती विकत घेतली.

हे गोल्डनी क्वेकर पंथाचे होते. या पंथाची ओळख करून घेतल्यावांचून पुढील गोष्टींतील विसंगति ध्यानांत येणार नाहीं. क्वेकरांना पुरोहित नाहीं. ते साधा वेष करीत, साधें बोलत, शपथ घेत नसत. लढाई हें पाप आहे असें त्यांचें मत असे. इंग्लंडच्या राजमान्य धर्मपीठाला ते मानीत नसल्यामुळें सरकारी अधिकाराच्या जागा त्यांना मिळत नसत, आणि ऑक्सफर्ड व केंब्रिज येथील पदव्यांचा मार्गहि त्यांना बंद होता. धर्माच्या कारणावरून घातलेली ही आडकाठी पार्लमेंटनें १८७१ सालच्या कायद्यानें बव्हंशीं दूर केली. तोंवर पांच-सहा पिढ्या क्वेकरांचीं हुशार मुलें विद्यापीठाऐवजीं पेढीवर बसलीं. चोख वजन, चोख भाव व चोख हिशेब यांबद्दल त्यांची ख्याति झाली, आणि त्या ख्यातीवर त्यांनीं अलोट पैसा मिळविला.

परंतु गोल्डनीच्या पैशाचा एक मोठा ओघ कोठून आला तें पाहिलें म्हणजे मनुष्य चकित होतो. १७०८ सालीं ब्रिस्टलच्या कांहीं व्यापाऱ्यांनीं "ड्यूक" व "डचेस" अशीं दोन जहाजें सज्ज केलीं. त्या वेळीं इंग्लंडचें स्पेन व फ्रान्स यांच्याशीं युद्ध चाललें होतें. शत्रूचीं जहाजें लुटण्याचा सरकारी परवाना या दोन जहाजांना होता; साध्या भाषेंत सांगावयाचें तर ती परवान्याची चांचेगिरी होती. कप्तान वुड्स रॉजर्स हा त्यांचा नायक. या मोहिमेंत ज्यांनीं भांडवल घातलें त्यांत गोल्डनी अगदीं अग्रभागीं होता. त्याचा वांटा साडेतीन हजार पौंडांहून अधिक होता. ज्याच्या धर्मांत लढाई निषिद्ध, त्यानें तोफा चढविलेल्या जहाजांत पैसे गुंतविले. माणसाच्या धर्माची कसोटी देवळांत लागत नाहीं, तिजोरीपाशीं लागते, हेंच खरें.

या सफरींतील एक प्रसंग जगप्रसिद्ध आहे. १७०९ च्या फेब्रुवारींत हीं जहाजें दक्षिण अमेरिकेच्या पश्चिमेस हुआन फर्नांडेझ बेटापाशीं पोहोंचलीं. तेथें बकऱ्यांचीं कातडीं पांघरलेला एक गोरा मनुष्य किनाऱ्यावर आढळला. तो अलेक्झांडर सेल्कर्क. चार वर्षांहून अधिक काळ तो त्या निर्जन बेटावर एकटा राहिला होता आणि त्याला आपली भाषा धड बोलतां येत नव्हती. रॉजर्सनें परत आल्यावर प्रवासवर्णन छापलें, त्यांत ही हकीकत आली. पुढें १७१९ सालीं डीफोनें "रॉबिन्सन क्रूसो" लिहिला, त्याच्या मुळाशीं हीच हकीकत असावी असें सामान्यतः मानतात. महाराष्ट्रांतील किती तरी मुलांनीं क्रूसोची गोष्ट वाचली असेल. त्या गोष्टीचा एक धागा क्लिफ्टनच्या टेकडीवरील या घराला जोडलेला आहे, हें मात्र थोड्यांनाच ठाऊक असतें.

बेटावरून पुढें जाऊन रॉजर्सनें ग्वायाकील हें शहर लुटलें, आणि डिसेंबरांत मनिलाहून मेक्सिकोकडे जाणारें मालानें भरलेलें स्पॅनिश जहाज पकडलें. १७११ च्या ऑक्टोबरांत पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून तो इंग्लंडला परतला. लुटीची किंमत सुमारें दीड लाख पौंड धरली गेली. येथें आपल्या देशाशीं संबंध असलेली एक गंमतीची गोष्ट घडली. पूर्वेकडच्या व्यापाराचा मक्ता ईस्ट इंडिया कंपनीकडे होता. या लोकांनीं आमच्या हद्दींत पाऊल टाकलें, अशी तक्रार कंपनीनें केली, आणि तिचें तोंड बंद करण्यासाठीं लुटींतून सहा हजार पौंडांहून अधिक रक्कम मोजावी लागली. एकाची लूट दुसऱ्याच्या मक्त्याशीं भांडली आणि दोघांनीं आपसांत मिटवून घेतलें. ज्यांचा माल लुटला गेला त्यांना कोणीं विचारण्याचें कारणच नव्हतें. त्या लुटींत नुसतें रेशीम व चांदी नव्हती. स्पॅनिश जहाजांवर सांपडलेले आफ्रिकन गुलामहि मालाबरोबर मोजले गेले, आणि त्यांतील कित्येक वाटेंत विकण्यांत आले.

गोल्डनी घराण्याचा दुसरा ओघ लोखंडाचा. अब्राहम डार्बी हाहि क्वेकरच. तो ब्रिस्टलहून श्रॉपशायरमधील कोलब्रुकडेल येथें गेला आणि १७०९ सालीं त्यानें लांकडी कोळशाच्या ऐवजीं दगडी कोळशापासून केलेल्या कोकवर लोखंड गाळून दाखविलें. यंत्रयुगाचा पाया ज्या थोड्या ठिकाणीं घातला गेला त्यांतील हें एक. त्या कारखान्याला गोल्डनीनें पैसे कर्जाऊ दिले, आणि १७१७ सालीं डार्बी वारल्यावर त्या कर्जाच्या तारणापोटीं कारखान्यांत गोल्डनीचा मोठा वांटा झाला. धाकटा थॉमस गोल्डनी तरुणपणीं तेथेंच हिशेब पाहूं लागला. १७३१ सालीं वडिलांच्या पश्चात् क्लिफ्टनचें घर त्याच्याकडे आलें. पुढें १७५२ सालीं ब्रिस्टलमध्यें एक पेढी निघाली, तिच्या पहिल्या भागीदारांतहि तो होता.

हा धाकटा गोल्डनी व्यवहारांत जितका पक्का तितकाच बागेच्या बाबतींत वेडा होता. आज जें पाहावयास लोक जातात तें बहुतेक त्याचें काम. त्यानें टेकडीच्या कडेला लांब गच्ची बांधून काढली; तिच्यावरून फेऱ्या घालतांना खालचें बंदर डोळ्यांपुढें असे. हिरवळीमध्यें कालव्यासारखें लांबट तळें केलें, संत्र्यांच्या झाडांसाठीं कांचेच्या खिडक्यांचें घर बांधलें. पण त्याचा खरा जीव गुंतला तो एका गुहेंत. १७३७ सालीं त्यानें ती करावयास घेतली आणि तिचें काम तब्बल २७ वर्षें, म्हणजे १७६४ पर्यंत, चाललें.

या गुहेंत भुयारी वाटेनेंहि जातां येतें. आंत पाऊल टाकल्यावर भिंती, खांब व छत यांवर कोठेंहि कोरा दगड दिसत नाहीं. खांब स्फटिकांनीं मढविले आहेत. हे स्फटिक जवळच्याच खडकांत मिळतात, आणि तिकडे त्यांना "ब्रिस्टलचे हिरे" म्हणतात. भिंतींवर लहानमोठे असंख्य शिंपले, कवड्या व शंख बसविले आहेत; त्यांतील पुष्कळसे दूरच्या उष्ण समुद्रांतून जहाजांनीं आणलेले. एका कोनाड्यांत सिंह व सिंहीण यांच्या मूर्ति बसविल्या आहेत. मागल्या बाजूस जलदेवतेची मूर्ति आहे, आणि तेथून पाणी खडकांवरून उड्या मारीत खालच्या कुंडांत पडतें. अंधार, स्फटिकांचा लखलखाट आणि पाण्याचा नाद या तिन्हींचा असा मेळ घातला आहे कीं, आपण टेकडीच्या माथ्यावर आहों कीं समुद्राच्या तळाशीं आहों, याचा क्षणभर भ्रम पडतो. इंग्लंडांतील संरक्षित वास्तूंच्या यादींत या गुहेला सर्वांत वरच्या वर्गांत स्थान मिळालेलें आहे.

परंतु टेकडीच्या माथ्यावर धबधबा चालवावयाचा तर पाणी वर चढलें पाहिजे. त्याची सोय गोल्डनीनें १७६४ सालीं केली. बागेंत त्यानें एक उंच चौकोनी मनोरा बांधला. लांबून पाहणाऱ्याला तो जुन्या गढीचा बुरूज वाटावा; पण आंत होतें वाफेचें यंत्र. त्या काळीं अशीं यंत्रें खाणींतील पाणी उपसण्यासाठीं वापरीत, आणि त्यांचीं ओतीव नळकांडीं कोलब्रुकडेलच्या कारखान्यांत होत असत. जेम्स वाटनें यंत्रांत सुधारणा करण्याच्या अगोदरची ही गोष्ट. ज्या लोखंडानें घराण्याला श्रीमंत केलें त्याच लोखंडाच्या विद्येनें त्याच्या बागेंतील कारंजें उडूं लागलें. यंत्र आज नाहीं. मनोरा उभा आहे. धाकटा गोल्डनी १७६८ सालीं वारला. त्याला अपत्य नव्हतें. २७ वर्षें खपून केलेली गुहा त्याला पुरती होऊन लाभली ती फक्त चार वर्षें.

आतां या हिशेबाची दुसरी बाजू पाहिली पाहिजे, कारण गच्चीवरून खालीं दिसणारीं जहाजें कोणत्या धंद्यावर निघत हें विसरून चालणार नाहीं. आफ्रिकेच्या व्यापारावरील लंडनच्या कंपनीचा मक्ता १६९८ सालीं सुटला आणि ब्रिस्टल त्या व्यापारांत उतरलें. पितळेचीं व लोखंडाचीं भांडीं, बंदुका, दारूगोळा आणि कापड घेऊन जहाजें आफ्रिकेच्या किनाऱ्यास जात. त्या कापडांत हिंदुस्थानांत विणलेलें सुती कापडहि पुष्कळ असे. तेथें त्या मालाच्या मोबदल्यांत माणसें घेत, तीं अमेरिकेंत व वेस्ट इंडीज बेटांत विकीत, आणि साखर, तंबाखू व महोगनीचें लांकूड भरून परत येत. ब्रिस्टलच्या जहाजांनीं अशा दोन हजारांहून अधिक सफरी केल्या आणि पांच लाखांच्या आसपास माणसें समुद्रापलीकडे नेलीं. त्यांतील कित्येकांनीं वाटेंतच प्राण सोडले. गोल्डनीच्या घरांत महोगनीच्या फळ्यांनीं मढविलेली एक सुंदर बैठकीची खोली अजून जपून ठेविली आहे. गुहेंतील दूरदेशचे शिंपले आणि बैठकींतील हें तांबूस लांकूड हीं दोन्ही सागरपार व्यापाराच्या त्याच जाळ्यांतून आलीं. क्वेकरांच्या वह्यांत पैशाचा हिशेब पैचाहि चुकत नसे. पण माणसाचें खातें त्यांत उघडलेलें नव्हतें.

न्यायानें हेंहि सांगितलें पाहिजे कीं, या पापाची जाणीव प्रथम ज्यांना झाली त्यांतहि क्वेकरच होते. गुलामांच्या व्यापारांत भाग घेणाऱ्यास पंथाबाहेर काढावें, असा ठराव त्यांच्या लंडन येथील वार्षिक सभेनें १७६१ सालीं केला, आणि १७८३ सालीं त्यांनीं पार्लमेंटकडे अर्ज केला. १८०७ सालीं हा व्यापार बंद झाला व १८३३ च्या ऑगस्टांत गुलामगिरी बंद करण्याचा कायदा मंजूर झाला. त्या कायद्यानें दोन कोट पौंड नुकसानभरपाई दिली, ती मालकांना. गुलामांना कांहीं नाहीं. नेमक्या त्याच सुमारास राजा राममोहन रॉय ब्रिस्टलला आले, आणि २७ सप्टेंबर १८३३ रोजीं तेथेंच त्यांचा अंत झाला. त्यांना भेटलेली ब्रिस्टलची मेरी कार्पेंटर पुढें १८६६ सालीं हिंदुस्थानांत आली व मुंबई इलाख्यांत स्त्रीशिक्षिका तयार करण्याचा प्रश्न तिनें हातीं घेतला. ज्या बंदरांतून बेड्या गेल्या त्याच गांवांतून हेंहि आलें. गांवाचा इतिहास एकरंगी नसतो.

१८६४ सालीं क्लिफ्टनची दरी ओलांडणारा प्रसिद्ध झुलता पूल खुला झाला, आणि त्याच सुमारास गोल्डनीचें घर लुइस फ्राय यांनीं घेतलें. फ्राय घराणेंहि क्वेकर. कोको व चॉकलेट यांच्या कारखान्यासाठीं प्रसिद्ध. लुइस फ्राय स्वतः वकील होते व पुढें पार्लमेंटचे सभासद झाले. त्यांनीं आल्फ्रेड वॉटरहाउस या शिल्पज्ञाकडून घराची पुनर्रचना करविली; लंडनचें प्राणिशास्त्र व निसर्गविज्ञानाचें भव्य संग्रहालय पुढें याच वॉटरहाउसनें बांधलें. योगायोग असा कीं, पुण्यास गणेशखिंडींतील गव्हर्नरांचें निवासस्थान बांधावयास १८६४ सालींच आरंभ झाला. त्याच वास्तूंत १९४९ सालीं स्थापन झालेल्या पुणें विद्यापीठाचें ठाणें आलें. सुखासाठीं बांधलेलीं घरें विद्येच्या कामीं लागण्याची ही रीत दोन्ही देशांत दिसते.

१८७६ सालीं ब्रिस्टलला युनिव्हर्सिटी कॉलेज निघालें. धर्म कोणता हें तेथें विचारीत नसत, आणि पुरुषांच्या बरोबरीनें स्त्रियांनाहि प्रवेश देत. ज्या पंथाला जुन्या विद्यापीठांचे दरवाजे बंद होते त्या पंथाच्या माणसांनीं अशा कॉलेजाचा भार उचलावा हें स्वाभाविकच होतें, आणि फ्राय घराणें त्यांत पुढें होतें. १९०८ सालीं तंबाखूचे व्यापारी हेन्री ओव्हर्टन विल्स यांनीं एक लाख पौंड देऊं केले, आणि १९०९ सालीं कॉलेजाचें विद्यापीठ झालें. त्याच १९०९ सालीं, पोर्तुगीजांच्या साओ टोमे बेटावर मजूर गुलामासारखे राबविले जातात हें उघड झाल्यामुळें, फ्राय यांच्या व इतर क्वेकर कारखान्यांनीं तेथला कोको घेणें बंद केलें. तोंवर मात्र तो घेतला जात होता.

पुढें १९५३ सालीं विद्यापीठानें गोल्डनीचें घर विकत घेतलें आणि १९५६ पासून तेथें विद्यार्थी राहूं लागले. कालांतरानें आवारांत नव्या इमारती उठल्या. आतां शेंकडों मुलेंमुली तेथें राहतात, आपापला स्वयंपाक आपण करितात, परीक्षेच्या दिवसांत हिरवळीवर पुस्तकें घेऊन पडतात. ज्या गच्चीवरून व्यापारी आपल्या मालाची वाट पाहत असे, तेथें आतां घरून पैसे येण्याची वाट पाहणारा विद्यार्थी उभा असतो. विद्यापीठांत शिकण्यासाठीं अनेक देशांतून मुलें येतात. त्यांतील कित्येकांचे पूर्वज जहाजाच्या तळाशीं बेड्यांत होते, तर कित्येकांचे पूर्वज त्या जहाजांत भरलेलें कापड विणीत होते.

आणि म्हणूनच एक प्रश्न पुढें आला. जून १९२० च्या नव्हे, तर जून २०२० च्या सातव्या तारखेस ब्रिस्टलच्या नागरिकांच्या एका जमावानें एडवर्ड कोल्स्टन या गुलामांच्या व्यापाऱ्याचा पुतळा पाडून बंदरांत ढकलला. त्यानंतर लोक विचारूं लागले : पुतळा गेला; पण गोल्डनी, विल्स, फ्राय हीं नांवें विद्यापीठाच्या इमारतींवर कां असावीं? विद्यापीठानें विद्यार्थ्यांचीं, शिक्षकांचीं व गांवकऱ्यांचीं मतें मागविलीं. नोव्हेंबर २०२३ मध्यें निर्णय झाला. कोल्स्टनची खूण म्हणून आलेलें डॉल्फिन माशाचें चित्र विद्यापीठाच्या बोधचिन्हांतून काढावयाचें, इमारतींचीं नांवें ठेवावयाचीं, आणि जुन्या अन्यायाचे परिणाम आजहि जे भोगीत आहेत त्यांच्या शिक्षणासाठीं व संशोधनासाठीं एक कोट पौंड खर्चावयाचे.

हा निर्णय सर्वांना पटला नाहीं. नांव ठेवणें म्हणजे मान देणें, असें एका पक्षाचें म्हणणें. तें खोटें नाहीं. आपल्या आजोबांना विकणाऱ्या व्यापाराची सावली ज्या नांवावर आहे, तें नांव पत्त्यांत रोज लिहावें लागणें सुखाचें नसतें. नांव पुसलें म्हणजे पापहि विसरलें जातें, असें दुसऱ्या पक्षाचें म्हणणें. तेंहि खोटें नाहीं. सावकाराचें घर विकत घेतलें म्हणून त्याची वही जाळून टाकणें, यांत ऋणकोचें हित नसतें. वही राहिली तर देणें काय होतें हें कळतें. मात्र वही ठेवावयाची तर ती उघडी ठेविली पाहिजे. नांव ठेवून हकीकत लपविली तर तो मान होईल. नांव ठेवून हकीकत सांगितली तर तो हिशेब होईल. गोल्डनी हॉलमध्यें राहणाऱ्या मुलाला गुहेंतील शिंपले दाखवितांना, ते आणणारीं जहाजें दुसरें काय वाहून नेत असत, हेंहि त्याच वेळीं सांगितलें जावें. एवढें झालें तर त्या वास्तूचें शिक्षण वर्गांतील शिक्षणापेक्षां कमी नाहीं.

थोरल्या गोल्डनीनें त्या घरांत संपत्ति मागितली. वास्तूनें तथास्तु म्हटलें. धाकट्यानें सौंदर्य मागितलें. तेंहि त्याला मिळालें. फ्राय यांच्या काळीं त्या घरांत ब्रिस्टलला विद्यापीठ हवें असें बोललें गेलें असेलच, तेंहि झालें. आतां तेथें राहणारीं मुलें काय मागतात तें पाहावयाचें आहे. त्यांच्या खोलीचें भाडें ते भरतात, पण त्या टेकडीचें जुनें भाडें दुसऱ्याच कोणीं तरी फार पूर्वीं भरून ठेविलें आहे. हें ज्याला कळलें त्यानें तेथें बसून शिकावें, आणि पुढें आपल्या वहींत माणसाचें खातें पहिल्या पानावर उघडावें.